जेवतानाचं मौन

इंद्रपुरी, भोपाळ
२१ जुलै २०२४

ती. लीलाताईंना नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. आतली खोली रंगवून घेतलीत, कुसुमसाठी कॉट खिडकीपाशी लावलीत, हे तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "ताईला लिही, खिडकीपाशी नको, पंख्याखाली लाव. नागपूरचा उन्हाळा तिला ऐकू येत नाही, पण लागतो तर खरा!" तुमच्या कानांवर विनोद करायचा हक्क तिचा एकटीचा, म्हणून जसंच्या तसं कळवलं.

तुळशीनगरचं सरकारी क्वार्टर सोडून ती इथे भावाच्या घरी आली, तेव्हा मानेतल्या गाठी सुपारीएवढ्या होत्या. आता त्या हाताला लागतही नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणतात, किमो अशीच वेळेवर होत गेली तर दिवाळीपर्यंत उपचार संपतील. मग ती तुमच्याकडे कायमची राहायला मोकळी. फक्त किमोने रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात, अंगात लढायला कोणी उरत नाही, म्हणून फार जपायचं. मध्ये काही लागण झाली तर किमो पुढे ढकलावी लागेल. मी भाज्या दोनदा धुते, पाणी उकळते, शेजारणींनाही दारातूनच परत पाठवते. त्या मला उद्धट म्हणू लागल्या आहेत. म्हणोत.

एक नवल सांगते. जिने जन्मात संकष्टी धरली नाही त्या आपल्या कुसुमने आषाढीपासून मौनभोजनाचा नेम धरला आहे. कार्तिकीपर्यंत जेवताना बोलायचं नाही, आणि बोललं तर पानावरून उठायचं. मी म्हटलं, "तू आणि गप्प? एक वेळ मोठा तलाव आटेल." ती नुसती हसली.

मला मात्र गप्प बसवत नाही. माझ्या बोलण्याला तिने चुकून उत्तर दिलं तर अर्ध्या ताटावरून उठावं लागेल. म्हणून तिला वाढते आणि बाहेरच्या खोलीत पुस्तक उघडून बसते. श्रीकांत गेल्यापासून या घरात जेवताना बोलणं उरलं नव्हतं. कुसुम आल्यावर ते पुन्हा सुरू झालं होतं. आता परत शांत आहे. पण नेम आहे, त्याला नावं ठेवू नयेत.

तुमची,
वैजयंती


नागपूर
३० जुलै २०२४

चि. वैजयंतीस अनेक आशीर्वाद.

कुसुमने नेम धरला हे वाचून बरं वाटलं. धरलाय तर पाळू दे. आमच्या आईने एकदा जेवताना दूधवाल्याला "थांब" म्हटलं आणि पुरणाच्या ताटावरून उठली. वडील चिडले, पण आई परत बसली नाही. त्या घरच्या मुली आहोत आम्ही. तेव्हा सारखी डोकावू नकोस. पुस्तक वाचतेस ते बरं करतेस.

बाकी तू आता पुरती भोपाळची झालीस. वरणालाही लसणाचा तडका देतेस असं श्रीकांतच सांगायचा. कुसुमला सध्या सौम्य कर. मऊ भात, ताक, दुधात भिजवलेली पोळी. सोबत ज्येष्ठमध आणि मधाची बाटली पाठवते. पावसाळ्यात घसा धरतो, त्यावर चांगलं.

खोलीत कॉट पंख्याखाली घेतली आहे. तिला सांग, दार मी हल्ली उघडंच ठेवते. आत कोणी आहे असं वाटत राहतं. शेजारपाजारचे लोक माझ्याशी ओरडून बोलतात, तरी मला काही कळत नाही. कुसुमला ओरडावं लागत नाही. तिचे ओठ हलले की मला दिसतं ती काय म्हणतेय. लहानपणापासून तेच तोंड पाहत आले ना.

लीलाताई


इंद्रपुरी, भोपाळ
२५ ऑगस्ट २०२४

ती. लीलाताईंना नमस्कार.

ज्येष्ठमध मिळालं. कुसुम ते तोंडात धरून असते. मधाची बाटलीही उशाशी ठेवली आहे.

पण माझं मन स्वस्थ नाही. ती वाळत चालली आहे. ताट धुवायला घेते तेव्हा ते रिकामं असतं, पण परवा मागच्या अंगणात कढीपत्त्याच्या बुंध्याशी भात दिसला. विचारलं तर म्हणाली, "चिमण्यांना टाकला, वहिनी. व्रतात पुण्य लागतं." तिने पुण्याची गोष्ट करावी, म्हणजे कमालच.

पाणी पितानाही ती हल्ली मान बाजूला करते. आवाज बसल्यासारखा येतो. बोलतेच कमी. आता जेवणाचं मौन चहालाही लागू झालं आहे. मी म्हटलं, चहाचा कुठे नेम असतो? तिने बोट ओठांवर ठेवलं.

मागच्या खेपेला दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आंटी, वजन कम हुआ है. निगलने में तकलीफ तो नहीं?" कुसुमने मानेनेच नाही म्हटलं. आणि मी तिच्या बाजूने बोलले, "इनका चातुर्मास चल रहा है, डॉक्टर साहब. व्रत है, इसलिए कम खाती हैं." त्या म्हणाल्या, "अच्छा, पर ताकत वाली चीज़ें खिलाइए." किमो दिली आणि आम्ही घरी आलो.

ती तुमच्याजवळ काही बोलली आहे का? तुम्हाला ती वेगळं पत्र लिहिते हे मला माहीत आहे. मी ते कधी उघडलेलं नाही.

वैजयंती


नागपूर
२ सप्टेंबर २०२४

चि. वैजयंतीस आशीर्वाद.

एवढी घाबरू नकोस. एवढ्या औषधांनी कोणीही वाळेल. उष्णता वाढली असेल. रात्री जिभेला साजूक तूप लावते का ते बघ, आणि गुलकंद दे. दिवाळी काही लांब नाही.

या वर्षी तुझ्याकडच्या गौरींना माहेरवाशीण घरातच आहे. तिला गोडाचं खाऊ घाल. गुडघे धड असते तर मीच आले असते.

लीलाताई


भोपाळ
१५ सप्टेंबर २०२४

ती. लीलाताई,

तुमच्या मुलाला, अमोलला, फोनवर कळवलं आहे, पण त्याने तुम्हाला कागदावर किती लिहून दाखवलं ते ठाऊक नाही. म्हणून सगळं लिहिते. हे पत्र दवाखान्याच्या बाकावर बसून लिहिते आहे.

मी विधवा असून गौरी बसवते यावर कॉलनीत कुजबुज होते. श्रीकांतच्या आईच्या गौरी आहेत, त्या मी बसवणार. या वर्षी कुसुमला म्हटलं, आज मी बाहेर जाणार नाही. तू बोलू नकोस, मीही बोलणार नाही, पण गौरींसमोर माहेरवाशीण एकटी जेवायची नाही. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग बसली.

पुरणपोळीचा लहानसा तुकडा दुधात कालवून तिने तोंडात घातला. चावला नाही. तसाच धरून बसली. मग गिळला आणि तिचा हात छातीवर गेला, गळ्याच्या खाली, अगदी मधोमध. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडातून आवाज नव्हता. नेम मोडू नये म्हणून नव्हे, लीलाताई. आवाज काढायलाही दुखत होतं म्हणून.

पहिल्यांदा मीच बोलले. म्हटलं, "कुसुम, तोंड उघड." तिने मान हलवली. मी म्हटलं, "मी श्रीकांतला शेवटच्या दिवसांत चमच्याने पाणी पाजलंय. मला काही नवीन नाही. उघड."

मोबाइलचा दिवा धरला. जीभ, टाळू, गालांच्या आतली बाजू, पार घशापर्यंत पांढरं. नासलेलं दूध चिकटावं तसं. मला वाटलं दूधच असेल. ओल्या फडक्याने पुसलं तर खालून लालभडक निघालं आणि रक्त आलं.

डॉक्टरीणबाईंनी पाहताक्षणी सांगितलं, "ये फंगस है." म्हणजे बुरशी. आपल्या सगळ्यांच्या तोंडात ती थोडीफार असतेच म्हणे, अंगातल्या पेशी तिला वाढू देत नाहीत. किमोने पेशी गेल्या की तिला रान मोकळं. दुर्बिणीची नळी घालून पाहिलं, बुरशी अन्ननळीत खालपर्यंत उतरली आहे. कुसुमला पाणी गिळणंही काचा गिळण्यासारखं होत होतं. आता औषध शिरेतून देत आहेत. रक्तात उतरली नाही ना, ते अजून तपासत आहेत. किमो थांबवली आहे.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. "मैंने हर बार पूछा था," एवढंच म्हणाल्या. खरंच विचारलं होतं. उत्तर मी दिलं होतं.

मी कुसुमला विचारलं, का गं लपवलंस? ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "किमो थांबवली असती ना. मग दिवाळी हुकली असती. ताईने खोली रंगवलीय."

आता एक मी तुम्हाला विचारते. माझ्या पत्रात मी जिभेचं काही लिहिलं नव्हतं. तुम्ही तूप जिभेला का लावायला सांगितलंत?

वैजयंती


नागपूर
२१ सप्टेंबर २०२४

वैजयंती,

मला ठाऊक होतं.

आषाढीच्या आधी तिचं पत्र आलं. तोंड आलंय, तिखट सोसवत नाही, वहिनीला कळलं तर तडक डॉक्टरांकडे नेईल आणि उपचार लांबतील, असं लिहिलं होतं. कोणाला न सांगण्याची शपथ घातली होती. मी लिहिलं, तोंड आल्याचं काय एवढं, मध लाव, चार दिवसांत जाईल. आणि जेवताना वहिनीपासून कसं लपवू असं तिने विचारलं, तेव्हा मौनाची युक्ती मी सुचवली. वैजयंती व्रताचा मान राखते, मध्ये येणार नाही, असं मीच लिहिलं.

मला वाटलं तोंड येणं म्हणजे तोंड येणं. आपल्याला येतं तसं. तिचं अंग आता आपल्यासारखं राहिलेलं नाही, हे मला कळलं नाही. आणि खरं सांगू, कळून घ्यायचंही नव्हतं. मला ती इथे हवी होती. दिवाळीला हवी होती.

तुला जे बोलायचं ते लिही. मला ऐकू येत नाही म्हणून सगळे माझ्याशी गोडच वागतात. तू तसं करू नकोस.

लीला


इंद्रपुरी, भोपाळ
८ ऑक्टोबर २०२४

ती. लीलाताईंना नमस्कार.

तुमचं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. दोन दिवस उत्तर लिहायला बसले आणि उठले. राग आला होता. तो अजून गेलेला नाही. पण रागात माझाही वाटा आहे. तिच्या ताटापासून उठून मी पुस्तक वाचत बसत होते आणि त्यालाच आदर समजत होते. शिवाय ती तुमच्याकडे जाणार याचं मला वाईट वाटत होतं. म्हणून दिवाळीची गोष्ट निघाली की मी विषय बदलायचे. तसं नसतं तर कदाचित तिने मला सांगितलंही असतं. तेव्हा आपण दोघी एकाच बाकावर बसू.

आता चांगली बातमी. आम्ही घरी आलो. घसा साफ झाला. बुरशी रक्तात गेली नव्हती. गोळ्या अजून चालू आहेत, मध बंद. गोड बुरशीलाही आवडतं म्हणे. कुसुम म्हणाली, "म्हणजे ताई मला नाही, तिलाच पोसत होती!" आणि इतकी हसली की खोकला आला. रागावू नका, ती हसली हे महत्त्वाचं.

परवा तिने गरम वरणभात खाल्ला. लिंबू पिळून. पहिला घास गिळला आणि थांबली. मी घाबरले. तर ती म्हणाली, "काही नाही. दुखलं नाही, म्हणून वाट बघतेय."

आणि ऐका. नेम तिने सोडलेला नाही. म्हणते, "इतके दिवस खोटा धरला, उरलेला खरा धरते. पण आता तू समोर बसायचं." तेव्हा आम्ही दोघी समोरासमोर गप्प जेवतो. मला वाटलं होतं जमणार नाही. जमतं. तिच्या घशाची हालचाल बघत मी जेवते.

आता वाईट बातमी. किमो थांबली त्या काळात मानेत पुन्हा गाठ आली आहे. थांबल्यामुळे आली का, असं मी विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ये कोई नहीं बता सकता, आंटी." हे मी तुमच्यासाठी लिहून ठेवते, आणि माझ्यासाठीही.

ती दिवाळीला नागपूरला येऊ शकणार नाही. तुम्ही या. अमोलला सांगा, गुडघ्यांसकट घेऊन ये.

वैजयंती


नागपूर
७ नोव्हेंबर २०२४

चि. वैजयंतीस आशीर्वाद.

नीट पोचलो. अमोल कामासाठी पुण्याला गेला. घर उघडल्यावर आधी आतल्या खोलीत गेले, का ते ठाऊक नाही.

चार दिवस तू मला तिच्यासमोर बसवून ठेवलंस आणि सगळं काम एकटीने ओढलंस. एकदाही टोमणा मारला नाहीस. मारला असतास तरी मला कळलं नसतं म्हणा. पण तुझा चेहरा मी पाहिला.

तिने चकलीचा बारीक तुकडा तोंडात विरघळवला आणि मला म्हणाली, "ताई, तेलकट झाल्यात." मला पूर्ण दिसलं. आवाज होता की नव्हता, ते तुला माहीत.

शेवटच्या दिवशी तू ओट्याकडे तोंड करून पोळ्या लाटत होतीस, तेव्हा ती मला काहीतरी बोलली. आवाज न काढता. ते काय, हे आत्ता लिहीत नाही. वेळ आली की लिहीन.

लीलाताई


इंद्रपुरी, भोपाळ
१४ डिसेंबर २०२४

ती. लीलाताई,

अमोल सगळं उरकून आज निघतो आहे. त्याच्याबरोबर हे पत्र आणि एक जड पुडकं पाठवते.

त्याने तुम्हाला सांगितलं असेल, पण मी माझ्या हाताने लिहिते. गाठी छातीत पसरल्या होत्या. श्वास कमी पडू लागला. घसा मात्र शेवटपर्यंत साफ राहिला. रोज सकाळी मी दिवा धरायचे आणि ती शाळेतल्या मुलीसारखी जीभ काढून दाखवायची. आदल्या दिवशी दुपारी तिने मऊ भात मागितला. तीन-चार घास घेतले. मी समोर बसले होते. नेम कार्तिकीलाच संपला होता, पण आम्ही बोललो नाही. सवय झाली होती. पहाटे ती गेली. दुखलं नसावं. कपाळ शांत होतं.

कार्तिकीनंतर तिने उद्यापनाचा हट्ट धरला होता. मौनाच्या नेमाचं उद्यापन म्हणजे घंटा दान करायची, तुम्हाला ठाऊकच आहे. मी चौकातून पितळेची घंटा आणली. देवळात देऊन येते म्हटलं तर म्हणाली, "नको. अर्धा नेम खोटा होता, देव म्हणेल घेत नाही. ताईला दे. ती खोट्यात सामील होती, तिला घ्यावीच लागेल."

मी म्हटलं, "अगं, ताईंना ऐकू येत नाही. त्या घंटेचं काय करतील?" ती म्हणाली, "ते ती बघून घेईल."

म्हणून पाठवते. बाकी घरात सगळं जागच्या जागी आहे. ताटं दोनच काढून ठेवली होती, त्यातलं एक आज परत वर ठेवलं.

तुमची,
वैजयंती


नागपूर
२२ डिसेंबर २०२४

चि. वैजयंतीस,

घंटा मिळाली. पहिले दोन दिवस पुडकं सोडलंच नाही. मग सोडलं आणि घंटा हातात घेऊन हलवली. काही ऐकू आलं नाही. पण मूठ दांड्यावर होती, तिला कळलं. कोपरापर्यंत शिरशिरी येते आणि बराच वेळ राहते. मी पुन्हा हलवली. शेजारच्या शोभाबाई धावत आल्या, त्यांना वाटलं मला काही झालं. त्यांना बसवलं, चहा दिला, आणि कुसुमचं सगळं सांगितलं. मध आणि मौनासकट. त्या काय म्हणाल्या ते मला समजलं नाही. त्यांनी माझा हात धरून ठेवला होता.

आता ते लिहिते, जे त्या दिवशी लिहिलं नव्हतं. तू पोळ्या लाटत होतीस आणि तुझी पाठ आमच्याकडे होती. कुसुम म्हणाली, "ताई, मी काही येत नाही आता नागपूरला. खोली वहिनीला दे. ती एकटी जेवायला बसली की पुस्तक उघडते आणि जेवायचं विसरते." मीही नुसते ओठ हलवून म्हटलं, ती माझ्याकडे कशाला येईल, मी काय केलंय ते तिला ठाऊक आहे. कुसुम म्हणाली, "म्हणून तर येईल. झालं ते दुसऱ्या कोणाला सांगत बसावं लागणार नाही."

ती असताना हे लिहिणं म्हणजे ती जाणार हे मान्य करणं होतं. म्हणून थांबले.

कॉट पंख्याखाली आहे. इंद्रपुरीचं घर मोडू नकोस, श्रीकांतचं आहे ते. पण संक्रांतीला ये आणि उन्हाळ्यापर्यंत राहा. गौरींना आपण दोघी परत भोपाळला जाऊ. पुस्तकं आण. लसूणही आण हवा तर.

तुझे ओठ मला अजून वाचता येत नाहीत. तू फार भरभर बोलतेस आणि बोलताना मान वळवतेस. शिकेन मी. फक्त जेवताना माझ्यासमोर बस, आणि बोलत राहा.

तुझी,
लीलाताई